हवेतलं अंतर

काझी सरांसमोर 'लांब' हा शब्द काढायची सोय नव्हती. कुणी सहज म्हणालं, "सर, जालना लई लांब पडतं," की सरांच्या कपाळावर आठी उमटायची.

"लांब म्हणजे किती? आणि कुठून? बसस्टँडपासून का तुमच्या घरापासून?"

समोरचा गडबडून जायचा. त्याला एवढंच सांगायचं असायचं, की आज जालन्याला जायचा कंटाळा आलाय.

'जवळ' या शब्दाशी तर त्यांचं उभं वैर होतं. आमच्याकडं कुणालाही पत्ता विचारा, तो हात लांबवून "हे काय, इथंच" म्हणतो. त्या 'इथंच'मध्ये कधी एक शेत असतं, कधी तीन गावं. एकदा आम्ही शाळेतली पाच-सहा माणसं जीप करून एका सहकाऱ्याच्या लग्नाला केदारखेड्याच्या बाजूला निघालो होतो. लग्न गावात नव्हतं, शेतातल्या वस्तीवर होतं. वाटेत तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी "हे काय, इथंच." चौथ्या माणसानं तोंड उघडायच्या आत काझी सर जीपमधून खाली उतरले.

"इथंच म्हणू नका. आकडा सांगा. किती किलोमीटर?"

त्या बिचाऱ्याच्या डोक्यावर गवताचा भारा होता. तो घाबरून म्हणाला, "सायेब, मोजणीवाले हाव का तुमी? आमच्या बांधाचा वाद मिटल्याला हाय."

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. सर जेवणावर बसले खरे, पण रागानं अर्ध्या ताटावरून उठले. नवरदेवाला आशीर्वाद देतानाही ते म्हणाले, "पत्रिकेत अंतर छापायला पायजे होतं."

आष्टीच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, मी मराठी. मी परतूरहून मोटारसायकलवर जाऊन-येऊन करायचो, ते गावातच राहायचे, बाजारामागच्या गल्लीत. माझ्यापेक्षा वयानं आणि नोकरीनं कितीतरी मोठे. उंच, खांद्यात जरा वाकलेले, पांढरा शर्ट आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पट्टी. चिडले की चष्मा काढून रुमालानं पुसायला लागायचे. त्यांच्या पुसण्याच्या जोरावरून आम्हाला त्यांच्या रागाची कल्पना यायची. बोलताना मराठीत उर्दू मिसळायची, आणि राग वाढला की उरलेली मराठीही गळून पडायची.

कधी परतूरला काम असलं की ते माझ्या गाडीवर मागे बसत. त्या रस्त्यावर आष्टीचं अंतर दाखवणारे दोन फलक होते. परतूर सोडल्यावर पहिला लागायचा, मग बरंच पुढं दुसरा. आणि दुसऱ्यावरचा आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. म्हणजे आष्टीकडं जावं तसतशी आष्टी मागं सरकत होती. आम्ही सगळे वर्षानुवर्षं तिथून जात होतो, माझं कधी लक्षही गेलं नव्हतं. सर मात्र प्रत्येक वेळी मागून खांद्यावर हात ठेवायचे. "थांबा जरा."

मी थांबायचो. ते उतरून त्या फलकासमोर उभे राहायचे, जणू तो त्यांच्या तोंडावर खोटं बोललाय.

"खरात, हा रोज हजार माणसांना फसवून राह्यलाय. आणि कुणाला राग बी येत न्हाई."

"सर, रस्ता सगळ्यांना माहीत आहे. कोण वाचतंय?"

"म्हणून वाट्टेल ते लिहायचं?"

त्यांनी ठिकठिकाणी सांगून पाहिलं. सगळे "बघू" म्हणाले. फलक होते तिथंच राहिले आणि उन्हातान्हात त्यांच्यासमोर थांबून थांबून माझीच चिडचिड व्हायला लागली. खरं सांगायचं तर सरांबरोबर राहणं सोपं नव्हतं. माणूस बरोबर असायचा, आणि तेच फार जड जायचं.

वर्गात जगाचा एक जुना कापडी नकाशा होता. त्याचा उजवीकडचा खालचा कोपरा उंदरांनी खाल्ला होता आणि त्या कोपऱ्याबरोबर न्यूझीलंड गेलं होतं. नवा नकाशा मागून मागून सर थकले. शेवटी एका सुट्टीत निळ्या रंगाचा डबा आणून त्यांनी नकाशाच्या बाहेर, थेट भिंतीवर, न्यूझीलंडची दोन बेटं काढली. पोरं हसायला लागली तर म्हणाले, "देश भिंतीवर गेला तर चालंल. गायब झाला तर चालणार न्हाई."

नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांतलं अंतर मोजणारं पोरगं दिसलं की ते तिथूनच ओरडायचे, "पृथ्वी पापड हाय का रे? गोल हाय ना? मंग पट्टी कशी ठेवतोस? दोरा घे दोरा!" मग पृथ्वीगोल टेबलावर यायचा. दिल्लीपासून अमेरिकेपर्यंत दोरा ताणला की तो सरळ युरोपावरून न जाता वर, बर्फाच्या मुलखाकडं सरकायचा. पोरांचे डोळे मोठे व्हायचे. सर म्हणायचे, "विमान याच वाटेनं जातं. नकाशावर वाकडी दिसते, पण खरी सरळ हीच." हे सगळं सांगणारे सर स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते. एसटीत सगळ्यात पुढची सीट धरायची आणि किलोमीटरचे दगड मोजत जायचं, एवढाच त्यांचा प्रवास.

त्यांना एकच मुलगी, नाझिया. औषधशास्त्र शिकलेली, बोलायला चटपटीत, वडिलांसारखीच हट्टी. तिला जालन्यातल्या एका घरातून मागणी आली. मुलगा ऑकलंडला नोकरीला होता. म्हणजे वर्गातल्या भिंतीवरच्या त्या निळ्या बेटांवर.

सगळे नातेवाईक म्हणाले, पोरगं चांगलं आहे पण फार लांब. सरांच्या बायकोनं, सायराभाभींनी, तर दोन दिवस नीट जेवण केलं नाही. त्या हैदराबादच्या. लग्न होऊन आष्टीला आल्या तेव्हा आपण जगाच्या टोकाला आलो असं त्यांना वाटलं होतं, असं त्या हसत सांगायच्या. तेव्हा हसल्या नाहीत. मी त्या संध्याकाळी काही कामानं सरांकडं गेलो होतो. भाभींनी चहा ठेवला आणि उंबऱ्यात उभ्या राहून सरांना विचारलं, "आप तो सब नापते. बोलो ना, कितना दूर है?"

सरांनी विषय निघायच्या आधीच मोजून ठेवलं होतं. मुंबईच्या विमानतळापासून ऑकलंडच्या विमानतळापर्यंत बारा हजार किलोमीटर आणि वर थोडं.

"वो मेरेकू नै समझता. टाइम कितना?"

"विमान घंटे को नौ सौ चलता. चौदा घंटे पकडो."

भाभींनी मनाशी काहीतरी जुळवलं. "मतलब सुबह निकले तो रात को घर में?"

"हौ."

"इतना तो पहले मेरेकू हैदराबाद जाने को लगता था." त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार कळवायला सांगितलं. त्या चौदा तासांवर नाझियाचं लग्न झालं.

निकाहनंतर काही महिन्यांनी नाझिया निघाली. मुंबईपर्यंत सर आणि भाभी सोडायला गेले, आणि परतीच्या एसटीतच वाट बघणं सुरू झालं. भाभी थोड्या थोड्या वेळानं विचारायच्या, "अब कहाँ होगी?" सर घड्याळ बघून सांगायचे, "अब बंगाल की खाडी पे." मग, "अब मलेशिया." तेवढ्यावर भाभी पुन्हा डोळे मिटायच्या. पण चौदा तास झाले, फोन नाही. अठरा झाले, नाही. नाझियाला सिंगापूरला विमान बदलायचं होतं हे सरांनी धरलंच नव्हतं, आणि पुढचं विमान दुसऱ्या दिवशी होतं. सबंध रात्र ती तिथल्या खुर्चीवर बसून होती. तिच्या फोनला तिथलं नेटवर्क लागत नव्हतं. ती घरी पोचल्याचा फोन आला तेव्हा भाभी रडून रडून दमल्या होत्या. त्यांनी आधी मुलीशी बोलून घेतलं आणि मग सरांकडं वळून विचारलं, "तुम्हारे चौदा घंटे कहाँ गए जी?"

हा प्रश्न त्यांनी पुढं आयुष्यभर विचारला. पाहुण्यांसमोर, हसत, लाडानं, कधी खरोखर रागानं. सरांना तो दर वेळी तितकाच लागायचा.

दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत ते माझ्याशेजारी येऊन बसले. मग मला म्हणाले, "खरात, मी विमानाचा हिसाब केल्ता. माणसाचा केलाच न्हाई. घरातून निघून घरात पोचंपर्यंत किती, हे कुणी शिकवलंच न्हाई आपल्याला."

तेव्हा शाळेत पवार नावाचे नवे शिक्षक आले होते. त्यांना वाटलं, सरांना मदत करावी. त्यांनी मोबाइल पुढं केला. "सर, एवढं डोकं कशाला शिणवता? इथं दोन विमानतळं टाकायची, अंतर न् वेळ दोन्ही येतं."

सरांनी चष्मा नीट केला. "आष्टी टाका."

"आष्टीला विमानतळ कुठंय सर?"

"परतूर?"

"न्हाई."

"जालना तरी?"

पवारांनी शेवटी मुंबई टाकलं. क्षणात आकडे आले, सरांनी दोऱ्यानं काढलेले तेच. पवार खूश झाले. सर चिडले.

"जिथून निघायचं ते गाव ह्याच्यात न्हाई. जिथं थांबायचं तेबी न्हाई. हे हवेतलं अंतर झालं पवार. माणूस काय हवेत राहतो?"

पवार आपला मोबाइल घेऊन दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसले. त्यानंतर बरेच दिवस ते सरांशी जेवढ्यास तेवढं बोलायचे.

पण त्या प्रकरणानंतर सर 'विमानाचे जाणकार' म्हणून गावात प्रसिद्ध झाले. कुणी मक्केला उमराहला निघालं, कुणाचं पोर परदेशी शिकायला निघालं, की ते सरांना गाठायचे. आणि सर आता हात राखून सांगत नव्हते, हात सोडून सांगत होते. थांबे धरायचे, थांब्यांतला उशीर धरायचा, त्या उशिरावरचा उशीर धरायचा. जिथं एक दिवस लागेल तिथं "दोन धरा" सांगायचे. म्हणायचे, "लवकर पोचला तर कुणी रडत न्हाई."

एकदा बाजारातल्या चहाच्या टपरीवर बापूराव आले. कापसाची शेती, गावात वजन. त्यांचा मुलगा कॅनडाला निघाला होता. तिकिटाची प्रत त्यांनी सरांपुढं धरली.

"सर, हे बघा. दिल्लीहून पहाटं अडीचला निघतंय अन् साडेसातला टोरांटोत. पाच घंट्यात! मला पुण्याला जायला यापेक्षा जास्ती लागतंय."

टपरीवाल्यानं मान डोलावली. "इमानच ते."

सरांनी ग्लास खाली ठेवला. "बापूराव, ते साडेसात तिथले हायेत. कॅनडातले."

"साडेसात म्हणजे साडेसातच की."

"तिथं सकाळ असंल तवा इथं संध्याकाळ असती. दोन्हीकडची घड्याळं वेगळी. मधी चौदा-पंधरा घंटे हवेत जातात."

"मंग खरं घड्याळ कुणाचं?"

"दोन्ही खरी."

"असं कसं सर? एक काहीतरी सांगा ना बराबर."

सरांनी चहाच्या ग्लासाचा सूर्य केला, बापूरावांच्या तंबाखूच्या डब्याची पृथ्वी केली, डबा फिरवला, बापूरावांना डब्यावर कुठं उभं राहायचं ते दाखवलं. जमलेली माणसं वाकून बघत होती. पाऊण तास गेला. शेवटी बापूराव म्हणाले, "समजलं." सरांनी समाधानानं चष्मा डोळ्यांवर चढवला. दुसऱ्या दिवशी सबंध गावात बातमी होती, की बापूरावचं पोरगं पाच घंट्यात कॅनडाला चाललंय, खुद्द काझी सरांनी तिकीट बघून सांगितलं. सर त्या आठवड्यात टपरीवर फिरकले नाहीत.

ही हसण्याची गोष्ट. पुढची नाही.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर सायराभाभींना दम लागायला लागला. जालन्याला दवाखान्यात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा सर जिन्याच्या पायरीवर बसले होते. डॉक्टरांना त्यांनी किती दिवस लागतील म्हणून विचारलं होतं आणि डॉक्टर म्हणाले होते, आताच काही सांगता येत नाही.

"मी म्हणलं, अंदाजे सांगा," सर म्हणाले. "खरात, मी 'अंदाजे' म्हणलं. तरीबी सांगना गेले."

नाझिया रोज फोनवर विचारत होती, निघू का? सर म्हणत होते, दोन-चार दिवस बघू. ते चुकीचं नव्हतं. भाभी खरोखर सुधारल्या. त्यांना आष्टीला घरी आणलं, त्या उशीला टेकून बसायला लागल्या, मी गेलो तर मला सरांसमोर त्यांचे चौदा तास ऐकवले. आणि मग एका पहाटे, फजरच्या अजानच्या सुमाराला, गेल्या.

मी पोचलो तेव्हा गल्लीत खुर्च्या मांडल्या होत्या. आत बायकांचा आवाज. बाहेर पुरुष खाली बघत बसलेले. नाझियाला फोन गेला होता आणि ती मिळेल त्या विमानानं निघत होती. भाभींचे भाऊ सलीममामू जालन्याहून आले होते. जमातीतले वडीलधारे हाजीसाब सरांच्या शेजारी बसले होते. मातीला उशीर करायचा नसतो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. हाजीसाबांनी हलक्या आवाजात विचारलं, "काझी साब, बच्ची कब तक पहुँचेगी?"

सगळी गल्ली सरांकडं बघायला लागली. सरांनी डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवर सरकू लागला. मला कळत होतं ते काय मोजतायत. ऑकलंडहून सिंगापूर. सिंगापूरची ती रात्र. मग मुंबई. मुंबईहून संभाजीनगरचं संध्याकाळचं विमान. तिथून जालना, परतूर, आष्टी. वर उशीर.

डोळे उघडून ते म्हणाले, "परसों सुबह."

कुणीतरी सुस्कारा टाकला. हाजीसाबांनी दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "कल शाम तक की बात होती तो रोक लेते. परतूर से बर्फ की पेटी मंगा लेते. परसों तक…" त्यांनी वाक्य सोडून दिलं.

सलीममामूंनी सरांना दंडाला धरून बाजूला आणलं, पाण्याच्या टाकीपाशी. मी तिथंच उभा होतो.

"भाईजान, कल शाम बोल दो ना. आगे अल्लाह मालिक."

"कल शाम नै होता सलीम. झूठ कैसा बोलूँ?"

"झूठ नक्को बोलो. अंदाज से बोलो."

"अंदाज से एक बार बोला था," सर म्हणाले. "तेरी बहन कल तक सुनाती थी."

सलीममामूंनी हात सोडला. मला वाटत होतं, कुणीतरी पुढं व्हावं, सरांना गप्प करावं आणि हाजीसाबांना म्हणावं, थांबा उद्यापर्यंत. पण कुणाच्या घरात कोण बोलणार? दुपारच्या नमाजनंतर जनाजा उठला. सर पहिल्या खांद्याला होते. ऊन रणरणत होतं.

नाझिया दुसऱ्या दिवशी आली. संध्याकाळ व्हायच्याही आधी.

सिंगापूरला तिला लगेच पुढचं विमान मिळालं होतं. मुंबईला उतरल्यावर ती संभाजीनगरच्या विमानासाठी थांबलीच नाही, टॅक्सी करून नव्या महामार्गानं थेट जालन्याला आली. सरांच्या डोक्यात अजून जुना रस्ता होता, घाटांचा आणि एसटीचा. नवा रस्ता झाल्याचं त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्यावरून ते कधी गेले नव्हते.

माती झाल्याचं आणि सरांच्या 'परसों'चं मुंबईतच मामूंनी तिला फोनवर सांगितलं होतं. त्यामुळं ती आली तेव्हा रडत नव्हती. बॅग दारात ठेवून ती सरांसमोर उभी राहिली. अंगावर तिकडचे गरम कपडे होते आणि ती घामानं भिजली होती.

"आपने परसों बोला, अब्बू?"

"हौ बेटा."

"मैं आ गई ना. आज आ गई ना मैं."

सरांनी चष्मा काढला. रुमाल खिशात होता, पण हाताला सापडेना. "सिंगापूर में तेरेकू पिछली बार रात भर…" ते सांगायला लागले. खरंच सांगायला लागले! किती तास कुठं धरले, मुंबईहून कुठलं विमान धरलं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की त्यांच्या तोंडावर हात ठेवावा असं वाटलं. मुलगी समोर उभी आहे आणि हा माणूस तिला सिंगापूर समजावून सांगतोय.

नाझियानं ऐकून घेतलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वो लोग हिसाब नै पूछ रहे थे, अब्बू. रुकें क्या, इतना पूछ रहे थे."

आणि आत गेली.

सर तिथंच उभे राहिले. कुणीतरी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

ती तीन-चार आठवडे राहिली. स्वयंपाक करायची, सरांचं ताट वाढायची, औषधं वेळेवर द्यायची. बोलायची नाही. मग परत गेली. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात लोकांनी जुन्या गमती सांगितल्या, बापूरावांनी तर पाच घंट्यांची गोष्ट स्वतःवरच सांगून हशा पिकवला. सर उत्तराला उठले, "सगळ्यांचे आभार," म्हणाले आणि बसले.

पुढं मला त्यांची जी चीड आली ती आधी कधीच आली नव्हती. माझ्या गाडीवर बसून परतूरहून येताना ते त्या फलकांकडं बघेनासे झाले. मीच एकदा मुद्दाम गाडी हळू केली. मागून काही आवाज नाही. टपरीवर बापूरावांनी विचारलं, "सर, सूनबाई चाललीय आता तिकडं. किती येळ धरावा?" सर चहा फुंकत म्हणाले, "पोचंल." बापूराव माझ्याकडं बघायला लागले. ज्या माणसानं आम्हाला आकड्यांनी हैराण केलं होतं, तो आता एक आकडा द्यायला तयार नव्हता, आणि ते जास्त असह्य होतं.

एकदा टपरीवर मी बोललोच. "सर, तुमची चूक नव्हती. त्या वेळी जेवढं माहीत होतं त्यावरून तुम्ही बरोबर सांगितलं. मागच्या वेळी तसंच झालं होतं ना?"

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "आकडा चुकला असता तर दुरुस्त केला असता खरात."

"आकडाच तर चुकला सर."

"न्हाई," ते म्हणाले. मी वाट पाहिली. त्यांनी चहा संपवला, बडीशेप तोंडात टाकली आणि घराकडं चालू लागले.

त्यानंतर माझी बदली झाली. आष्टीला जाणं कमी झालं. सर नाझियाकडं जाणार आहेत, नाही जाणार आहेत, असं उलटसुलट कानावर यायचं. कुणी सांगितलं, ती आता दर शुक्रवारी फोन करते. मला खरं वाटलं नाही.

थंडी सरता सरता एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी साखरपुड्याला मी आष्टीला गेलो. गावाबाहेर, ओढ्यापलीकडं कब्रस्तान आहे. शेजारी तुरीचं रान. शेंगा काढून झाल्या होत्या, रानात नुसते खुंट उभे होते. रस्त्यावरून जाताना मला आत एक पांढरा शर्ट दिसला. मी गाडी बंद केली.

काझी सर रस्त्यालगतच्या एका कबरीशेजारी उभे होते. डोक्यावर टोपी. दोन्ही हातांत फोन धरलेला, छातीच्या उंचीवर, कबरीकडं तोंड करून. त्यांचा स्वतःचा चेहरा फोनच्या मागं होता, म्हणजे पलीकडच्या माणसाला तो दिसत नसणार. फोनमधून नाझियाचा आवाज येत होता. ती काहीतरी पढत होती. मधेच आवाज तुटायचा, परत यायचा. मग पढणं संपलं आणि नुसतं शांत झालं. ती रडत असावी, नाहीतर नुसती बघत असावी. रस्त्यावरून मला कळायला मार्ग नव्हता.

सर हलले नाहीत. त्यांनी एक हात सोडून झटकला, परत फोनला लावला. ऊन सरळ डोळ्यांवर येत होतं. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "बस क्या बेटा?"

"नै अब्बू," फोनमधून आवाज आला. "और थोडा रुको."

"हौ," सर म्हणाले, आणि थांबून राहिले.